पहिला तास कोणाचा?

न्यायदान न्यायालयात होते, अशी आपली एक सोयीची समजूत आहे. काळा झगा, उलटतपासणी, निकालपत्र, अपील या सोपस्कारांकडे आपण इतके टक लावून पाहतो की, ज्या जागी आणि ज्या तासात खटल्याचे भवितव्य खरोखर ठरून जाते, तिकडे आपले लक्षच जात नाही. ती जागा म्हणजे घटनास्थळ, आणि तो तास म्हणजे पोलिसांचा पहिला माणूस तेथे पोचल्यानंतरचा तास. त्या तासात जे राखले गेले ते पुढे पुरावा म्हणून न्यायाधीशासमोर येते. जे तुडवले गेले, धुतले गेले किंवा उचलून नेले गेले, ते कोणत्याही सर्वोच्च न्यायालयाला परत आणता येत नाही. म्हणूनच पहिल्या तासात पोलीस काय करतात आणि काय करीत नाहीत, हा केवळ पोलीस प्रशिक्षण विद्यालयाच्या अभ्यासक्रमाचा प्रश्न राहत नाही. तो राजकीय प्रश्न होतो. या देशात घटनास्थळाला दोरी बांधली जाते ती मेलेल्या माणसाची पत पाहून. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी संहितांनी हा पंक्तिभेद मोडण्याऐवजी त्याला कलमांचे कोंदण दिले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काम साधे, पण करायचे कोणासाठी?

प्रथम हे काम काय असते ते पाहू, कारण त्याच्याभोवती शास्त्राचे अकारण वलय उभे केले गेले आहे. घटनास्थळी पोचलेल्या पहिल्या शिपायाचे पहिले कर्तव्य जखमीचा जीव वाचवण्याचे. त्यानंतर वेळ टिपून घेणे. जमलेल्या माणसांना मागे सारणे. आत जाण्यायेण्याची एकच वाट ठरवून देणे. दोरी किंवा फीत, आणि तीही नसेल तर चार काठ्या रोवून हद्द आखणे. आत कोण गेले, केव्हा गेले आणि कशासाठी गेले याची नोंद ठेवणे. आणि कोणत्याही वस्तूला हात न लावता तपासी अंमलदाराची व तज्ज्ञांची वाट पाहणे. ते आल्यावर छायाचित्रे, मोजमापांसह नकाशा आणि पंचांसमक्ष पंचनामा. रक्ताने भिजलेले कपडे वाळवून कागदी वेष्टणात बांधायचे, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीत ते कुजतात आणि त्यांच्याबरोबर पुरावाही कुजतो. मग पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, लाखेचे सील, मुद्देमाल नोंदवहीतील क्रमांक, आणि तेथून प्रयोगशाळेपर्यंत तो मुद्देमाल कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला याची अखंड साखळी. या साखळीतील एक कडी निसटली की आरोपीचा वकील त्या फटीतून अख्खा खटला बाहेर काढतो, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात त्याचे काही चुकत नाही.

फ्रान्समधील ल्यों शहरात १९१० साली पोलीस प्रयोगशाळा उभारणाऱ्या एडमंड लोकार यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व एवढेच सांगते की, दोन वस्तूंचा स्पर्श झाला की प्रत्येक जण दुसऱ्यावर काहीतरी ठेवून जातो. आपल्या देशाला हे शास्त्र परके नाही. बोटांच्या ठशांचे कार्यालय कलकत्त्यात १८९७ साली, म्हणजे लंडनच्या स्कॉटलंड यार्डच्याही आधी, स्थापन झाले. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. पद्धतीला नाव मात्र लागले ते हेन्री या गोऱ्या साहेबाचे. सांगण्याचा मुद्दा असा की, या देशाच्या पोलिसांना घटनास्थळ राखता येत नाही ते ज्ञानाच्या अभावी, हे कारण सव्वाशे वर्षांनंतर कोणी पुढे करू नये. दोरी, कागद, लाख आणि वही यांना परकीय चलन लागत नाही.

‘अकस्मात’ या शब्दाची किमया

आता शहरातील दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहा. एखाद्या सदनिकेत चोरी होते. खबर जाताच फौजदार येतो, ठसेतज्ज्ञ येतात, श्वानपथक येते, कपाटाच्या मुठीवर भुकटी टाकली जाते. हे सर्व योग्यच आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही. त्याच शहरात दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराचे तीन सफाई कामगार भूमिगत गटाराच्या चेंबरमध्ये उतरतात आणि विषारी वायूने गुदमरून मरतात. येथे काय होते? अग्निशामक दल प्रेते वर काढते. बघ्यांची गर्दी चेंबरच्या कडेपर्यंत येते. मुकादम कामगारांच्या डब्यापिशव्या गोळा करतो. झाकण पुन्हा बसवले जाते, कारण रस्त्याची रहदारी खोळंबलेली असते. पोलीस ठाण्यात नोंद होते ती ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून. हा शब्द एकदा वहीत लिहिला गेला की प्रेत हे केवळ शवविच्छेदनाकडे पाठवायचे एक ओझे उरते आणि चेंबर हे घटनास्थळ राहत नाही. तो पुन्हा नगरपालिकेचा एक चेंबर होतो.

वस्तुतः या जागी राखण्यासारखे किती तरी असते. चेंबरमधील वायूचे मोजमाप, जे झाकण उघडल्यानंतर दर मिनिटाला बदलत जाते. कामगाराच्या कमरेला पट्टा होता काय, दोर होता काय, तोंडावर मुखवटा होता काय. वर हवा सोडणारे यंत्र होते की नव्हते. आणि आता तेथे ते दिसत असेल, तर ते घटनेपूर्वीचे की घटनेनंतर आणून ठेवलेले. मुकादमाच्या खिशातील हजेरीपट. कामाचा लेखी आदेश. ‘आत उतरा’ असे सांगणारा त्या सकाळचा फोन. यांतील प्रत्येक वस्तू पहिल्या तासात तेथे असते, आणि संध्याकाळपर्यंत त्यांतील बहुतेक नाहीशी होण्यात कोणाचा तरी फायदा असतो. कंत्राटदार मोकळा असतो, त्याची माणसे जागेवर असतात, आणि त्यांना अडवणारी दोरी मात्र नसते. मग दोन वर्षांनी न्यायालयात प्रश्न विचारला जातो: कामगार स्वतःच्या हलगर्जीपणाने उतरला नाही, याला पुरावा काय?

सात वर्षांची रेघ

नव्या संहितांनी हे चित्र बदलेल, असे सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते कंठरवाने सांगत होते. विज्ञाननिष्ठ तपासाचे युग अवतरणार होते. म्हणून कायद्याचा मजकूरच पाहू. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६ व्या कलमातील तिसरे पोटकलम असे सांगते की, ज्या गुन्ह्याला सात वर्षे किंवा अधिक शिक्षा आहे, त्या गुन्ह्याची खबर मिळताच ठाण्याच्या प्रमुखाने न्यायसहायक तज्ज्ञाला घटनास्थळी आणलेच पाहिजे व पुरावा गोळा करण्याच्या प्रक्रियेचे चित्रीकरण केले पाहिजे. राज्यांना ही तरतूद लागू करण्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तरतूद स्वतःपुरती स्वागतार्ह आहे. पण सात वर्षांची ही रेघ कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते?

भारतीय न्याय संहितेच्या ३०५ व्या कलमान्वये राहत्या घरातील चोरीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे ती रेघेच्या आत. हलगर्जीपणाने दुसऱ्याचा मृत्यू घडवण्याच्या गुन्ह्याला १०६ व्या कलमाच्या पहिल्या पोटकलमान्वये जास्तीत जास्त पाच वर्षे. म्हणजे तो रेघेच्या बाहेर. गटारात माणूस उतरवण्याला बंदी करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात पहिल्या अपराधाला दोन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तोही रेघेच्या बाहेर. तेव्हा हिशेब स्पष्ट आहे: सदनिकेतील दागिन्यांसाठी शास्त्रज्ञ येणे कायद्याने बंधनकारक, आणि चेंबरमधील तीन प्रेतांसाठी ते पोलिसाच्या मर्जीवर.

एवढ्यावर भागत नाही. त्याच संहितेच्या १७३ व्या कलमाचे तिसरे पोटकलम पाहा. तीन वर्षे ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन, गुन्हा नोंदवण्यापूर्वी चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा तेथे दिली आहे. ललिताकुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच नोंद करणे अनिवार्य ठरवले होते. त्या निर्णयाने बंद केलेला दरवाजा येथे मागच्या बाजूने किलकिला करण्यात आला आहे. पाच वर्षांच्या शिक्षेचा मृत्यू नेमका या खिडकीत सापडतो. चौदा दिवस! चौदा दिवसांत वायू उडून जातो, परात कोसळलेली जागा नव्या सिमेंटने लिंपली जाते, यंत्राचा तुटलेला दाता भंगारात जातो आणि साक्षीदार असलेला स्थलांतरित मजूर बिहारच्या किंवा मराठवाड्याच्या गाडीत बसवून दिला जातो.

कोणी म्हणेल की, निष्काळजीपणा इतका घोर असेल तर पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचे १०५ वे कलम लावावे. त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मग तज्ज्ञ येईलच. युक्तिवाद बरोबर आहे, आणि त्यातच सारे कपट दडलेले आहे. मालकाला धोक्याची जाणीव होती की नव्हती, यावर १०५ की १०६ हे ठरते. ती जाणीव सिद्ध करणारा पुरावा घटनास्थळी असतो. तो गोळा करायला तज्ज्ञ यावा, तर आधी कलम जड असावे लागते. आणि कलम जड असावे, तर आधी पुरावा असावा लागतो. पुरावा नाही म्हणून कलम हलके आणि कलम हलके म्हणून पुरावा नाही, असे हे चक्र आहे. ते फिरवणारा हात ठाणे अंमलदाराचा असतो आणि त्या हाताशी मालकाचा परिचय मजुराच्या विधवेपेक्षा जुना असतो.

भोपाळचे उदाहरण डोळ्यांसमोर असताना याला अतिशयोक्ती म्हणता येणार नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या वायूने हजारो माणसे मारली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांवरील आरोप सदोष मनुष्यवधावरून निष्काळजीपणावर उतरवला, आणि जून २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने दोन वर्षांची कैद सुनावली. एका गटारातील तीन मृत्यू असोत की एका शहरातील हजारो, मालकवर्गाचा गुन्हा हलक्या कलमाच्या दारातूनच बाहेर पडतो.

आणि घटनास्थळ गोठवण्याची कल्पना कायदेमंडळाला सुचली नव्हती, असेही नाही. १९५२ च्या खाण कायद्याच्या २३ व्या कलमाने असा दंडक घातला होता की, खाणीत प्राणघातक अपघात झाला तर निरीक्षक येईपर्यंत किंवा त्याची संमती मिळेपर्यंत जागेत कोणताही बदल करता येणार नाही; अपवाद माणसे वाचवण्याचा, प्रेते काढण्याचा व पुढचा अनर्थ टाळण्याचा. बहात्तर तासांत निरीक्षक आला नाही तरच काम पुन्हा सुरू करता येत असे. सत्तर वर्षांपूर्वी खाणीच्या बाबतीत जे सुचले, ते आज गटाराच्या, इमारतीच्या बांधकामाच्या, कापूस गिरणीच्या बाबतीत पोलिसी कायद्यात का येत नाही? कारण खाणीतील मजुरांनी संघटना बांधून ते वदवून घेतले होते. गटारात उतरणारा मात्र कंत्राटदाराच्या हजेरीपटावर देखील धड नसतो.

एक आक्षेप

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेतला जाईल. घटनास्थळाची नासाडी श्रीमंतांच्या घरीही होते. तेव्हा हा वर्गाचा प्रश्न नसून पोलिसांच्या अकार्यक्षमतेचा आहे. मे २००८ मध्ये नोएडातील एका डॉक्टर दांपत्याच्या घरात त्यांच्या मुलीचा खून झाला, तेव्हा पहिल्या दिवशी शेजारी, नातेवाईक आणि पत्रकार घरभर फिरत होते, आणि त्याच घराच्या गच्चीवर पडलेले घरगड्याचे प्रेत पोलिसांना दुसऱ्या दिवशी सापडले. हे खरे आहे. परंतु या उदाहरणातही नीट पाहावे. घरगडी नाहीसा आहे एवढ्यावरून पहिल्या दिवशी त्यालाच खुनी ठरवण्यात आले होते. गच्चीच्या बंद दाराचे कुलूप तोडून पाहण्याची गरज कोणाला भासली नाही. पोलिसांची अकार्यक्षमता आंधळी नसते. ती कोणत्या दिशेला पाहायचे नाही हे बरोबर जाणते. शिवाय, त्या प्रकरणात केंद्रीय अन्वेषण विभाग आला, वर्षानुवर्षे देशभर चर्चा झाली, पुस्तके निघाली. गटारात मेलेल्या मजुराचे घटनास्थळ बिघडले, याची बातमीसुद्धा होत नाही, कारण ते घटनास्थळ होते हेच कोणाला मान्य नसते.

जात आणि जागा

ग्रामीण भागात हाच पंक्तिभेद जातीच्या अंगाने येतो. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची गावातील जमावाने हत्या केली. वाचलेल्या पित्याकडून खबर त्याच रात्री पोलिसांकडे पोचली होती. गुन्हा नोंदला गेला तो दुसऱ्या दिवशी. पहिले शवविच्छेदन इतके अपुरे झाले की प्रेते उकरून काढून ते पुन्हा करावे लागले. पुढे खटला उभा राहिला, शिक्षाही झाल्या. परंतु लैंगिक अत्याचार आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा गुन्हा न्यायालयांत टिकला नाही. जे पहिल्या दिवशी पाहिले गेले नाही, ते शेवटच्या दिवशी सिद्ध कसे होणार? उत्तर प्रदेशातील हाथरस येथे सप्टेंबर २०२० मध्ये तर पोलिसांनी दलित मुलीचे प्रेतच मध्यरात्रीनंतर, कुटुंबाला दूर ठेवून, जाळून टाकले. अत्याचारात बळी पडलेल्या स्त्रीचा देह हेही एक घटनास्थळ असते, आणि तेथे दोरी बांधण्याऐवजी राज्यसंस्थेने चिता पेटवली.

नियमांची उणीव आहे असे कोणी म्हणू नये. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांतील सहावा नियम जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा उपअधीक्षक यांनी खबर मिळताच स्वतः घटनास्थळी जावे असे सांगतो. सातवा नियम तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देऊ नये असे सांगतो. नियम छापील आहेत. प्रत्यक्षात दलित वस्तीत अधिकाऱ्याची गाडी येते ती बहुधा बंदोबस्तासाठी, पुराव्यासाठी नव्हे.

पंचांचेही असेच. मरणोत्तर पंचनाम्यासाठी आसपासचे दोन किंवा अधिक ‘प्रतिष्ठित’ रहिवासी बोलवावेत, असे जुन्या संहितेच्या १७४ व्या कलमात होते आणि नव्या संहितेच्या १९४ व्या कलमात आहे. इंग्रज साहेबाच्या डोळ्यांपुढील हा प्रतिष्ठित रहिवासी कोण? गावात तो वाड्यातला असतो, वस्तीतला नसतो. शहरात तो ठाण्याच्या दारातला ठेवणीतला पंच असतो, ज्याने न वाचता शेकडो कागदांवर सह्या केलेल्या असतात.

जेव्हा ठाणेच घटनास्थळ असते

या साऱ्याहून बिकट प्रसंग तो, ज्यात गुन्हा पोलिसांच्या हातून घडतो. मग घटनास्थळाला दोरी कोणी बांधायची?

२६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मजूर मुलीवर दोघा पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. घटनास्थळ पोलीस ठाणे, संशयित पोलीस, आणि फिर्याद लिहून घेणारेही पोलीसच. ठाण्याबाहेर जमाव जमला, ठाणे जाळण्याची भाषा झाली, तेव्हा कोठे हेडकॉन्स्टेबलने येऊन तिचा जबाब नोंदवला. वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत याला महत्त्व देऊन दोघांनाही सोडले. त्यानंतर १९७९ मध्ये चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र, त्यातून उभी राहिलेली स्त्रियांची चळवळ आणि १९८३ ची कायदादुरुस्ती हा इतिहास आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्या इतिहासातील एक बाब मात्र विसरली जाते: जी काही फिर्याद नोंदली गेली ती दाराशी उभ्या असलेल्या सामान्य लोकांमुळे.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे पोलिसांनी सांगितले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ते फेटाळले, आणि गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. बारा वर्षे गेली. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत अटक झालेला कायद्याचा एक दलित विद्यार्थी कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आढळल्या, तरी पोलिसांवर गुन्हा नोंदवा हे सांगायला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश काढावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रण अठरा महिने जपावे असे फर्मावले आहे. चकमकीतील मृत्यूंचा तपास अन्य ठाण्याच्या पथकाने किंवा गुन्हे अन्वेषण विभागाने करावा, असे याच न्यायालयाने २०१४ मध्ये घालून दिले आहे. तत्त्व मान्य आहे. पण पहिल्या तासात ठाण्याची किल्ली ठाण्याच्याच हातात असते, आणि तोवर कॅमेरा नादुरुस्त झालेला असतो.

शिपाई आपला शत्रू नव्हे

हे सर्व लिहिताना सामान्य शिपायाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा हेतू नाही. बारा-बारा तासांच्या बंदोबस्तानंतर घटनास्थळी एकट्याने पाठवलेला शिपाई, ज्याच्याजवळ फीत नाही, हातमोजे नाहीत, आणि ज्याला मंत्र्याच्या दौऱ्यासाठी अर्ध्या तासात परत बोलावले जाते, तो घटनास्थळ कसे राखणार? १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनी आपल्या हालअपेष्टांविरुद्ध बंड पुकारले, तेव्हा सरकारने त्यांचे म्हणणे ऐकण्याऐवजी त्यांची संघटना मोडून काढली. रोग मुळात आहे. १८५७ नंतर, १८६१ च्या कायद्याने घडवलेले पोलीस दल सत्तेला शांतता पुरवण्यासाठी होते, प्रजेला न्याय पुरवण्यासाठी नव्हे. आजही आपल्या पोलिसांच्या लेखी बंदोबस्त हे मुख्य काम आणि तपास हे उरल्या वेळेचे काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग प्रकरणात २००६ साली तपास आणि सुव्यवस्था ही दोन कामे वेगळी करण्यास सांगितले. कोणत्याही रंगाच्या सरकारने ते मनापासून केले नाही, कारण स्वतंत्रपणे तपास करणारा पोलीस हा कोणत्याच सत्ताधाऱ्याच्या सोयीचा नसतो.

आपल्या मागण्या आणि आपले काम

म्हणून पक्षाने पुढील मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. कामाच्या जागी, गटारात, बांधकामावर, कारखान्यात किंवा कोठडीत झालेल्या प्रत्येक मृत्यूच्या जागी, कलम कोणतेही असो, न्यायसहायक तज्ज्ञाने जाणे राज्य सरकारने आदेशाने बंधनकारक करावे. सात वर्षांखालील गुन्ह्यात तज्ज्ञ बोलवू नये असे कायदा कोठेही म्हणत नाही. अशा मृत्यूत चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीचा आधार घेण्यास मनाई करावी. तज्ज्ञ आणि कामगार खात्याचा निरीक्षक येईपर्यंत जागा गोठवावी आणि मालक, कंत्राटदार व त्यांची माणसे यांना दोरीच्या बाहेर ठेवावे. कोठडीतील मृत्यू व पोलीस गोळीबार यांत घटनास्थळ तत्काळ न्यायदंडाधिकाऱ्याच्या ताब्यात जावे. पंच म्हणून मृताच्या वस्तीतील, त्याच्या कामावरील माणसे आणि स्त्रिया घ्याव्यात, व पंचनाम्याची प्रत कुटुंबाला त्याच दिवशी द्यावी. आणि प्रत्येक ठाण्यात या कामासाठी शिकवलेले, बंदोबस्ताला न जुंपलेले शिपाई असावेत.

सरकार हे आपण होऊन देणार नाही. तोवर कार्यकर्त्यांनी काय करायचे? चळवळीत एक प्रथा रूढ झाली आहे. कामगार मेला की मोर्चा निघतो, प्रेत ताब्यात घेण्यास नकार दिला जातो, भरपाईचा आकडा ठरतो, धनादेश येतो आणि मोर्चा पांगतो. सफाई कामगाराच्या मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपये ठरवले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते तीस लाख केले. ही रक्कम त्या कुटुंबाचा हक्क आहे आणि ती मिळवून दिलीच पाहिजे. पण भरपाईची बोलणी ज्या तासांत चालू असतात, त्याच तासांत चेंबरचे झाकण बसवले जात असते. धनादेशावर सही करताना मालकाला ठाऊक असते की त्याने खटला विकत घेतला आहे.

तेव्हा साथींनी ही सवय मोडावी. खबर मिळताच पहिली दोन माणसे घोषणा देण्यासाठी नव्हे, तर जागा राखण्यासाठी पाठवावीत. गर्दीला, स्वतःच्या माणसांनाही, दहा पावले मागे उभे करावे. कोणत्याही वस्तूला हात न लावता दुरून छायाचित्रे घ्यावीत. पोलीस केव्हा आले, कोण आत गेले, काय बाहेर नेले, हे वेळेसह वहीत लिहावे. पंच होण्यास स्वतः पुढे यावे, आणि कागद पूर्ण वाचून होईपर्यंत सही करू नये. ‘अकस्मात’ हा शब्द वहीत पडण्यापूर्वी लेखी फिर्याद द्यावी, त्यात १०५ व्या कलमाची मागणी करावी, आणि प्रथम खबरीची विनामूल्य प्रत मागून घ्यावी. तो फिर्यादीचा कायदेशीर हक्क आहे. नोंद नाकारली तर त्याच दिवशी पोलीस अधीक्षकाकडे आणि तेथूनही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. प्रत्येक तालुका शाखेने असे चार कार्यकर्ते आणि एक वकील तयार ठेवले, तर पुढच्या वर्षभरात निदान काही खटले न्यायालयात ताठ उभे राहतील.

राज्यघटनेच्या चौदाव्या कलमाने कायद्यापुढे समानता दिली आहे. ती समानता गटाराच्या तोंडाशी, खेड्यातल्या कालव्याच्या काठाशी आणि ठाण्याच्या कोठडीच्या दाराशी पोचवायची असेल, तर आरंभ पहिल्या तासापासून करावा लागेल. पुढच्या वेळी खबर येईल तेव्हा दोरी घेऊन निघा.